बिअरच्या किण्वनासाठी घरी बनवलेली तापमान-पेटी : एर्लांगेनच्या तळघरातला अनुभव

घरी बिअर बनवायला लागलं की माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी यांवर आपण भरपूर वाचतो. चव मात्र बहुतेकदा त्यानंतर बिघडते, यीस्ट टाकल्यावरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत. त्या दिवसांत वर्ट, म्हणजे माल्टपासून काढलेला गोड रस, किती गरम होतं, यावर बरंच काही ठरतं. २०२४-२५ च्या हिवाळ्यात इथे जर्मनीत एर्लांगेनमध्ये, आमच्या इमारतीच्या तळघरात, एक जुना फ्रिज, तापमान बघून वीज चालू-बंद करणारा एक कंट्रोलर आणि एक हीटिंग मॅट जोडून मी किण्वनाची पेटी तयार केली. कागदपत्रांपासून पहिल्या लागरपर्यंत (थंडीत आंबवायची बिअर) काय काय लागलं, किती थांबावं लागलं आणि किती खर्च आला, ते क्रमाने लिहिलं आहे.

आधी हिशोब, कारण तो कळला की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. २० लिटर वर्ट, १२ अंश प्लेटो (वजनात १२ टक्के विरघळलेला माल, मुख्यतः साखर), म्हणजे त्यात साधारण अडीच किलो विरघळलेला माल. त्यातला सुमारे १.६ किलो यीस्ट खातं. दर ग्रॅममागे ५८७ ज्यूल उष्णता धरली तर एकूण ९४० किलोज्यूल होतात. २० लिटर वर्ट एक अंशाने तापवायला ८४ किलोज्यूल लागतात. म्हणजे ही सगळी उष्णता आतच कोंडली तर वर्ट ११ अंशांनी चढेल. प्रत्यक्षात बरीचशी भांड्याच्या भिंतींमधून निघून जाते, तरीही ऐन भरात वर्ट खोलीपेक्षा तीन ते सहा अंश गरम असतं. खोली २० अंशांवर आहे म्हणून बिअरही २० वर आहे, असं धरून चालत नाही. ती २५ वर असू शकते. एलच्या, म्हणजे उबेत आंबवायच्या बिअरच्या, यीस्टला तिथे फळांसारखे वास आणि घशाला जाळणारी जड अल्कोहोलं तयार करायला मोकळं रान मिळतं.

याच हिशोबातून दुसरी गोष्टही दिसते. ९४० किलोज्यूल चार दिवसांत वाटले तर सरासरी तीन वॅटसुद्धा येत नाही, आणि ऐन भरातही पाच-सात वॅट. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर ८० ते १०० वॅटचा असतो. थंडाव्याची ताकद कमी पडण्याचा प्रश्नच नाही. अडचण उलट आहे: अवजड यंत्राने अगदी थोडी उष्णता काढायची आहे, आणि तीही हळू. सेन्सर कुठे लावायचा, कॉम्प्रेसर दोन वेळा सुरू होण्यात किती अंतर ठेवायचं, किती फरकाला यंत्र जागं व्हावं, हे सगळं या एका गोष्टीतून येतं.

उत्तर बव्हेरियातल्या फ्रँकोनियाच्या या भागात थंडाव्याचं महत्त्व फार जुनं आहे. एर्लांगेनच्या बुर्गबर्ग टेकडीत बिअर साठवायला खोदलेली तळघरं आजही आहेत. १५३९ च्या बव्हेरियन नियमाने बिअर बनवायची मुभा २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढीच ठेवली होती, कारण उन्हाळ्यात ती बिघडायची. हे बंधन खऱ्या अर्थाने सुटलं ते १८७० च्या दशकात, कार्ल फॉन लिंडे यांनी म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीसाठी शीतयंत्रं बनवली तेव्हा. आपण तळघरात करतो ते त्याच कामाचं छोटं रूप आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये कागदपत्रांना सुरुवात केली. जर्मनीत घरी बिअर बनवायला परवाना लागत नाही, पण सुरू करण्याआधी आपल्या भागाच्या हाउप्टत्सोलआम्टला, म्हणजे सीमाशुल्क कार्यालयाला, कळवावं लागतं. आमच्यासाठी ते न्युर्नबर्गचं. नाव, पत्ता, बिअर कुठे बनवणार, कधीपासून आणि वर्षभरात अंदाजे किती लिटर, एवढी माहिती पुरते. १ जानेवारी २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंत बिअर-कर माफ आहे. त्याआधी ही मर्यादा २०० लिटर होती, आणि जुन्या लेखांमध्ये तीच सापडते. कळवायला पैसे पडत नाहीत. बिअर स्वतःच्या वापरासाठीच असावी लागते, विकता येत नाही. माझ्या पत्राची पोच यायला साधारण दोन आठवडे लागले. घर बदललं तर नव्या जागेसाठी पुन्हा कळवा, कारण नोंद बनवण्याच्या जागेचीही असते.

दुसरं पत्र इमारतीच्या व्यवस्थापनाला. इथल्या इमारतींमध्ये प्रत्येक घराला तळघरात एक जाळीचा कप्पा मिळतो, पण तिथला प्लग पॉइंट कोणत्या मीटरवर आहे हे आधी तपासावं. तो सामाईक मीटरवर असेल तर परवानगीशिवाय त्यावर फ्रिज चालवणं म्हणजे शेजाऱ्यांची वीज वापरणं, आणि कायदा त्याकडे गांभीर्याने बघतो. तपासणी सोपी आहे: आपल्या घरातला तळघराचा फ्यूज पाडायचा आणि खाली पॉइंट बंद झाला का ते बघायचं. आमचा पॉइंट आमच्याच मीटरवर निघाला. तरीही सतत चालणारं उपकरण ठेवत आहे असं लेखी कळवलं आणि लेखी होकार घेतला. उत्तर ऑक्टोबरच्या मध्यावर आलं, तोवर काही विकत घेतलं नव्हतं.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: तिथे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे बिअरचा भाग तिथे लागू नाही. पेटी मात्र तशीच्या तशी टेंपेसाठी (सोयाबीनला बुरशी लावून बनवतात तो पदार्थ) चालते. टेंपेतही तोच प्रश्न आहे. पहिले बारा-अठरा तास त्याला ३० अंशांच्या आसपास ऊब द्यावी लागते, मग बुरशी स्वतःच इतकी तापते की तिला गार करावं लागतं. सेन्सर हवेत न ठेवता टेंपेला टेकवून ठेवायचा, हाही नियम तोच.

ऑक्टोबरच्या शेवटी जुना फ्रिज घेतला, ५० युरोला. घेताना बघायच्या गोष्टी. पहिली, आत बर्फाचा कप्पा नको. तो असला की जागा जाते, आणि त्याच्या पत्र्यातूनच गॅसच्या नळ्या गेलेल्या असल्यामुळे तो वाकवून बाजूला करता येत नाही. नळी चिरली की फ्रिज संपला. दुसरी, गोल फिरवायच्या बटणाचा साधा थर्मोस्टॅट हवा. इलेक्ट्रॉनिक पॅनेलचे काही फ्रिज वीज गेल्या-आल्यावर आपली सेटिंग विसरतात किंवा स्वतःच्या तालाने उशिरा सुरू होतात. बाहेरच्या कंट्रोलरने वीज दिली की तत्क्षणी चालणारा फ्रिजच इथे उपयोगी आहे. तिसरी गोष्ट उंची. ओट्याखाली बसणारा ८५ सेंटिमीटरचा फ्रिज स्वस्त मिळतो, पण आत मागच्या बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो आणि ३० लिटरची किण्वनाची बादली त्याच्यापुढे खाली मावत नाही. उंचवट्यावर फळी टाकून बादली ठेवली तर वर एअरलॉकला (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी पाणी भरलेली नळी) जागा उरत नाही. म्हणून १२० सेंटिमीटरच्या वरचा फ्रिज बघा, आणि विकणाऱ्याच्या दारात टेपने आतून मोजा: उंचवट्यापासून वरची उंची, आणि दार बंद असतानाची खरी खोली. दाराच्या आतले कप्पेही दोन-तीन सेंटिमीटर खातात.

आणताना फ्रिज आडवा झाला असेल तर उभा करून एक दिवस तसाच ठेवावा. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये गेलेलं असतं, ते परत खाली यायला वेळ लागतो.

काचेचे शेल्फ काढून टाकले. भरलेली बादली २३-२४ किलोची होते. शेल्फच्या खोबणीवर तेवढं वजन टाकू नये, प्लास्टिक तडकतं. १८ मिलिमीटर प्लायची फळी उंचवट्याच्या उंचीवर, स्वतःच्या पायांवर उभी केली, म्हणजे भार थेट तळावर जातो.

वायर आत नेण्यासाठी फ्रिजला भोक पाडू नये, हे माझं ठाम मत. आजकालच्या बहुतेक युरोपीय फ्रिजमध्ये गरम नळ्या बाजूच्या भिंतींच्या आत लपलेल्या असतात, आणि त्यांत आयसोब्युटेन असतो, जो पेट घेतो. मागच्या भिंतीत बर्फाचं पाणी वाहून जायची एक नळी असते. सेन्सरची बारीक वायर तिच्यातून बाहेर काढता येते, फक्त पाण्याला वाट उरली पाहिजे. हीटरची चपटी वायर दाराच्या रबराखालून, बिजागरीच्या बाजूने घेतली. त्या बाजूला रबर जास्त दाबलं जातं आणि फट राहत नाही. भोक पाडल्यावाचून गत्यंतरच नसेल तर कॉर्नफ्लॉवर अल्कोहोलमध्ये कालवून भिंतीवर पातळ लेप द्यायचा आणि फ्रिज चालू करायचा. नळी असेल तिथे लेप आधी वाळतो.

नोव्हेंबरात कंट्रोलर. बाजारात इंकबर्डसारखे तयार, दोन सॉकेटचे कंट्रोलर ४०-५० युरोत मिळतात. २३० व्होल्टच्या वायरिंगची सवय नसेल तर सरळ तेच घ्यावेत. पैसे वाचवण्यासाठी हे घरी करण्यात अर्थ नाही. घरी बांधण्याचा फायदा एवढाच की फ्यूज, संरक्षक स्विच, अडथळा-शोषक (विजेचे झटके शोषणारा भाग) सगळं आपल्याला हवं तसं बसवता येतं, आणि उद्या रिले (कंट्रोलरच्या आतला चालू-बंद करणारा स्विच) गेली तर १५ युरोचा एक तुकडा बदलून पेटी पुन्हा चालते.

मी एसटीसी-१००० हा सुटा कंट्रोलर घेतला, २३० व्होल्टचा. मागवताना व्होल्टेज दोनदा वाचा. हाच डबा १२, २४ आणि ११० व्होल्टमध्येही येतो आणि दिसायला सगळे सारखेच. परदेशातून मागवला तर तीन-चार आठवडे लागतात. इथल्याच दुकानदाराकडून थोडे जास्त पैसे देऊन आठवड्याच्या आत आला. त्याच्यासाठी प्लास्टिकच्या डब्याला ७१ बाय २९ मिलिमीटरची खिडकी कापावी लागते. कोपऱ्यांना भोकं पाडून बारीक करवतीने कापायचं आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर कानशीने घासायचा, म्हणजे डबा तडकत नाही.

जोडणी अशी. मुख्य वायर तीन पदरी, दीड चौरस मिलिमीटरची. फेज आधी ६.३ अँपिअरच्या स्लो फ्यूजमधून जाते, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि जलद फ्यूज विनाकारण उडतो. फ्यूजनंतर फेज तीन ठिकाणी वाटायची: टर्मिनल १, ५ आणि ७. न्यूट्रल टर्मिनल २ ला आणि दोन्ही सॉकेटना. ३ आणि ४ सेन्सरचे. ६ मधून हीटरच्या सॉकेटची फेज निघते, ८ मधून फ्रिजच्या सॉकेटची. या कंट्रोलरला अर्थिंगचं टर्मिनल नसतं, म्हणून अर्थिंग मुख्य वायरीतून थेट दोन्ही सॉकेटना न्यावं लागतं. ते राहिलं तरी सगळं व्यवस्थित चालताना दिसतं. म्हणूनच ही जोडणी मल्टिमीटरने तपासल्याशिवाय डबा बंद करू नये. पिळाच्या वायरीच्या टोकांना फेरूल (धातूची छोटी टोपी) दाबून मगच स्क्रूखाली घ्यायचं. उघडे तंतू स्क्रूखाली पसरतात, कालांतराने सैल होतात आणि सैल जोड तापतो. वायर डब्यात शिरते तिथे घट्ट पकडणारं ग्लँड हवं, ओढ बसली तरी टर्मिनलवर येऊ नये.

जर्मन प्लगबाबत भारतीय सवयीच्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी: तो दोन्ही बाजूंनी बसतो. म्हणजे प्लग उलटा लावला की आपण फेज समजून रिलेतून नेलेली वायर न्यूट्रल होते. रिले बंद असली तरी सॉकेटच्या टोकाला फेज जिवंत राहू शकते. उपाय एकच, डबा किंवा हीटर हाताळण्याआधी प्लग भिंतीतून काढायचा. तळघराच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक स्विच आहे याचीही खात्री करून घेतली. दमट जागेत त्याच्याशिवाय हे काम करू नये.

फ्रिजच्या सॉकेटला समांतर एक तयार अडथळा-शोषक जोडला: ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहम, २५० व्होल्टच्या लाइनसाठी मान्य असलेला. कॉम्प्रेसर बंद होताना रिलेच्या टोकांवर ठिणगी पडते, टोकं जळतात, आणि कधीकधी त्या धक्क्याने कंट्रोलरचा डिस्प्ले अडकतो. दोन युरोत हे टळतं.

हीटर म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या काचपेट्यांसाठी मिळणारी ३० वॅटची मॅट घेतली. तळघर हिवाळ्यात ११-१२ अंशांवर जातं आणि एल १८ वर ठेवायची तर ऊब लागतेच. यापेक्षा मोठा हीटर घेण्याचा मोह टाळावा. रिले चिकटून हीटर चालूच राहिला तर बंद फ्रिजमध्ये ३० वॅटही आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १५-२० अंशांनी चढवू शकतात. १०० वॅट असतील तर बिअर शिजेल आणि प्लास्टिक मऊ पडू लागेल. म्हणून हीटरच्या फेजमध्ये ४० अंशांना उघडणारा छोटा बाय-मेटल स्विच घातला, पूर्ण इन्सुलेटेड, मॅटजवळच्या हवेत. मॅट दुमडायची नाही, बादलीखाली दाबायचीही नाही. मी ती बाजूच्या भिंतीपासून दोन बोटं सोडून, एका फळीवर उभी बसवली. आत १२ व्होल्टचा ८० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा सतत चालतो. त्याला दीडएक वॅट लागतात आणि खालची थंड, वरची गरम अशी हवेची विभागणी मोडते.

आता सेन्सर, ज्यावर सगळं यश अवलंबून आहे. पुष्कळ जण तो फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवतात. हवेला उष्णता-धारण फार थोडी, दार उघडलं की ती पाच अंश उडी मारते, कॉम्प्रेसर चालतो, हवा दोन मिनिटांत गार होते, कॉम्प्रेसर थांबतो. डिस्प्लेवर १८ दिसत असतं आणि बादलीत बिअर २१ वर असते. दुसरं टोक म्हणजे झाकणातून स्टीलची नळी घालून सेन्सर वर्टच्या मधोमध नेणं. तिथे आकडा खरा मिळतो, पण बातमी उशिरा पोचते. बाहेरून गारवा आत शिरेपर्यंत फ्रिज चालूच राहतो, आणि तो थांबल्यावरही आतली थंड हवा बिअरला आणखी खाली ओढते. मला मधला मार्ग सर्वांत चांगला वाटतो: सेन्सर बादलीच्या बाहेरच्या बाजूला, वर्टच्या पातळीच्या मध्यावर, पंख्याच्या आणि मॅटच्या समोर येणार नाही असा चिकटवायचा आणि त्यावर दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा फोमचा तुकडा घट्ट पट्ट्याने बांधायचा. फोममुळे हवा त्याच्यापर्यंत पोचत नाही, भिंतीतून वर्टचंच तापमान कळतं. आतल्या थर्मामीटरशी फरक अर्ध्या अंशाच्या आत राहतो.

नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा नको. थंड प्लास्टिकवर दव साचतं आणि पट्टी सुटते. सेन्सर सुटून लोंबला तर तो हवा मोजायला लागतो, आणि ऐन भरातली बिअर गरम होत जाते. ओळखायची खूण: एरवी तासन् तास हलत नसलेला आकडा काही मिनिटांत दोन-तीन अंश वर-खाली होऊ लागतो. सेन्सरच्या मानेशी, जिथे वायर धातूच्या टोपीत शिरते, पाणी झिरपतं. या प्रकारच्या सेन्सरमध्ये ओल गेली की रोध कमी होतो आणि तो खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवतो, मग फ्रिज बिअर गोठेपर्यंत चालू शकतो. आत गोंद असलेली आकुंचन-नळी त्या मानेवर चढवून गरम हवेने बसवायची.

सेन्सर बांधण्याआधी शून्य तपासलं. बर्फाचा चुरा ग्लासभर, फटी भरतील एवढंच पाणी, ढवळून पाच-सहा मिनिटं थांबायचं. तिथे ०.० यायला हवं. माझा ०.६ दाखवत होता, म्हणून कंट्रोलरच्या एफ-४ या दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये उणे ०.६ टाकलं. बाकीच्या सेटिंगा अशा: एस बटण तीन सेकंद दाबलं की एफ-१ दिसतो, बाणांनी एफ-४ पर्यंत जाता येतं, एस दाबून ठेवत बाण दाबला की आकडा बदलतो, आणि शेवटी पॉवरचं बटण एकदा हलकेच दाबून जतन करायचं. ते विसरलं की बदल राहत नाही. एफ-१ हवं ते तापमान, एफ-२ फरक. एफ-१ मध्ये १८ आणि एफ-२ मध्ये ०.५ असेल तर थंडावा १८.५ ला सुरू होऊन १८ ला थांबतो, ऊब १७.५ ला सुरू होऊन १८ ला थांबते. एफ-३ कॉम्प्रेसरची विश्रांती. कारखान्यातून ती ३ मिनिटं येते, मी १० केली. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी वीज मिळाली तर मोटर दाबाविरुद्ध अडकते, गुणगुणते, तापते आणि तिचं संरक्षक बटण उडतं. असं वारंवार झालं की कॉम्प्रेसर जातो. बिअरला दहा मिनिटांत काहीही फरक पडत नाही. फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट मात्र सर्वांत थंड खुणेवर नेऊन ठेवायचा, नाहीतर तोच मध्ये पडून फ्रिज बंद करेल.

डिसेंबरात बिअरऐवजी २० लिटर पाण्याची बादली ठेवून चाचणी घेतली. ही पायरी कोणीही वगळू नये. पाण्यात वेगळा थर्मामीटर, शेजारी वही. थंड करताना तापमान तासाला एक ते दीड अंश उतरतं. तापवायला जास्त वेळ लागतो: ८४ किलोज्यूल भागिले ३० वॅट म्हणजे नुसत्या हिशोबाने पाऊण तास एका अंशाला, आणि भिंतींमधून जाणारी ऊब धरली तर दीड-दोन तास. या चाचणीत बघायचं ते एकच, थंडावा थांबल्यावर तापमान आणखी किती घसरतं. ते अर्ध्या अंशापेक्षा जास्त घसरलं तर हीटर जागा होतो, तो ओलांडून वर नेतो, पुन्हा फ्रिज, आणि दोघं रात्रभर एकमेकांशी भांडत वीज जाळतात. तसं झालं तर एफ-२ वाढवून ०.८ किंवा १.० करायचा. ०.३ वर ठेवून अचूकता वाढत नाही, फक्त कॉम्प्रेसर जास्त वेळा सुरू होतो.

जानेवारी २०२५ मध्ये पहिली लागर. १२ प्लेटोचं २० लिटर वर्ट, डब्ल्यू-३४/७० यीस्टची साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं. थंड किण्वनाला यीस्ट जास्त लागतं, एका पाकिटावर भागवू नये. वर्ट आधी १२ अंशांवर आणलं आणि मगच यीस्ट टाकलं. गरम वर्टमध्ये यीस्ट टाकून नंतर थंड करणं हे बऱ्याच बिघाडांचं मूळ आहे, कारण नको असलेले वास सुरुवातीच्या वाढीतच तयार होतात. पहिला दिवसभर काहीच हालचाल दिसली नाही. नव्या माणसाला तिथे धीर धरवत नाही, पण १२ अंशांवर हे नेहमीचं आहे. तिसऱ्या दिवसापासून कॉम्प्रेसर जास्त वेळा चालू लागला. यीस्ट कामाला लागल्याची ती पहिली बातमी, एअरलॉकच्या बुडबुड्यांइतकीच विश्वासाची.

हायड्रोमीटर (विरघळलेला माल मोजणारी तरंगती नळी) ५ प्लेटोच्या आसपास आला तेव्हा एफ-१ दिवसाला दोन अंशांनी वाढवत १६ वर नेला. लागरमध्ये लोण्यासारखा वास देणारं डायअ‍ॅसिटिल इथेच काढावं लागतं. यीस्टमधून बाहेर पडलेल्या एका पदार्थापासून ते बिअरमध्ये हळूहळू तयार होतं आणि यीस्टच ते परत शोषून घेतं, पण थंडीत यीस्ट आळसावतं. तपासायची साधी रीत: दोन छोट्या नमुन्यांपैकी एक झाकून साधारण ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायचा, मग दोन्ही गार करून वास घ्यायचा. गरम केलेल्याला लोण्याचा वास आला तर अजून थांबायचं. मला चार दिवस लागले.

मग हीटरचा प्लग काढला आणि तापमान रोज दोन अंश उतरवत २ वर आणलं. इथे एक सावधगिरी. बिअर गार होते तशी बादलीतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. एअरलॉक अर्धाच भरावा आणि त्यात पाण्याऐवजी व्होडका घालावी, थोडी आत गेली तरी जंतू जात नाहीत. २ अंशांवर चार आठवडे ठेवून मार्चच्या सुरुवातीला बाटल्या भरल्या. बिअर स्वच्छ, लोण्याचा किंवा फळाचा मागमूस नाही, माल्ट आणि हॉप्स दोन्ही वेगवेगळे ओळखू येतात. या यीस्टकडून जी अपेक्षा असते ती पुरी झाली, याचा मनापासून आनंद आहे.

कार्बन डायऑक्साइडचा विचार तळघरात करायलाच हवा. एवढ्या किण्वनातून सुमारे पाऊण किलो, म्हणजे ४०० लिटर वायू बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड, फ्रिजच्या तळाशी साचतो. दार उघडल्याबरोबर डोकं आत घालू नये, आणि कप्प्याला खिडकी नसेल तर इमारतीचं तळघर हवेशीर आहे ना ते बघावं.

खर्च युरोत: फ्रिज ५०, कंट्रोलर १५, डबा १०, दोन सॉकेट ८, वायर, फेरूल, ग्लँड, फ्यूज मिळून १८, मॅट २०, बाय-मेटल स्विच आणि शोषक मिळून ५, पंखा जुना घरातलाच. एकूण १२६. विजेचा मीटर प्लगमध्ये लावून मोजलं तर लागर २ अंशांवर असताना दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा कमी जाते, १२ वर त्याहून बरीच कमी.

जूनमध्ये याच पेटीत गव्हाची वाइसबिअर लावली. तळघर तेव्हा २१-२२ वर होतं, हीटरची गरज नव्हती. वाइसबिअरच्या यीस्टला उबेत ठेवलं तर केळ्याचा वास वाढतो, थोडं खाली ठेवलं तर लवंगेचा वर येतो. मी १८ वर ठेवून लवंगेच्या बाजूने झुकवली. यापुढे विरघळलेला माल बाहेरून मोजता यावा म्हणून आयस्पिंडेल हे इथल्याच घरगुती ब्रुअरांनी बनवलेलं, वर्टमध्ये तरंगणारं खुल्या आराखड्याचं उपकरण जोडायचा विचार आहे.

दोन बॅचच्या मधल्या काळात फ्रिज बंद असताना दार बोटभर उघडं ठेवावं, नाहीतर आठवड्यात रबराच्या घड्यांमध्ये काळी बुरशी येते. बॅच चालू असताना दमटपणा शोषणारा कॅल्शियम क्लोराइडचा डबा आत ठेवावा आणि दर पंधरा दिवसांनी त्यातलं पाणी ओतून द्यावं. सेन्सरचं शून्य बर्फात दर हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा तपासावं. गेल्या तपासणीत माझा ०.२ ने सरकलेला होता, तेवढा एफ-४ बदलला.